तीन मामा आणि एक मामी

आमच्या मालिकेतल्या मामांना मी जितक्या जवळून पाहिलं तितकं त्यांच्या बायकांनीही पाहिलं नसेल. माझं काम त्यांच्या नाकाच्या शेंड्यापासून वीतभर अंतरावर चालायचं. मी रंगभूषा करायचे. आता गुडघे फार वेळ उभं राहू देत नाहीत, म्हणून काम सोडलं. पण बाजारात गेले की आजही कोणीतरी हटकतंच, "ताई, खरं सांगा, तिघांतला चांगला मामा कोणता?" या प्रश्नाला उभ्याउभ्या उत्तर देता येत नाही. म्हणून इथे बसून देते.

आधी मालिकेबद्दल सांगते, कारण आमच्या जिल्ह्याबाहेरच्यांना ती ठाऊक असेलच असं नाही. जळगाव जामोदला माझं छोटं ब्युटी पार्लर होतं. गावातले प्रदीपभाऊ लग्नाचे व्हिडिओ काढायचे. एकदा त्यांच्या मनात आलं की आपल्या वऱ्हाडी बोलीत एक विनोदी मालिका करावी आणि गावच्या केबलवर दाखवावी. गोष्ट साधी होती. एसटीतून निवृत्त झालेला एक कंडक्टर, ज्याला सगळे मामा म्हणतात, तो घरातही कंडक्टरच राहिलेला. सकाळी शिट्टी मारून लोकांना उठवणार, जेवायला रांगेत बसवणार, पाहुणे दारात घुटमळले की "मागच्यांनी पुढं सरका" म्हणून ओरडणार. आणि मामी त्याचं एक ऐकणार नाही. गावाबाहेरच्या एका कौलारू घरात शूटिंग व्हायचं. कॅमेरा अंगणात लावला की मागे सातपुड्याची निळी रेघ यायची. पुढे केबल मागे पडली, मालिका मोबाईलवर गेली आणि मग तर पुण्याचे लोकही व्हिडिओखाली लिहू लागले की भाषा पुरती कळत नाही पण हसू आवरत नाही.

रंगभूषा म्हणजे माणसाला गोरं करणं, असं पुष्कळांना वाटतं. पार्लरमध्ये नवरी आली तर तसं असेलही. कॅमेऱ्यासमोर वेगळं असतं. मामा ओसरीतून उठून घरात जातो, एवढाच प्रसंग असला तरी ओसरी सोमवारी चित्रित होते आणि घर गुरुवारी. मधल्या दिवसांत मामाचं काम करणारा माणूस शेतात जाऊन उन्हात रापून येतो. दाराच्या बाहेरचा मामा सावळा आणि आतला काळा, असं होऊन चालत नाही. माझं काम एवढंच, की आजचा माणूस परवाच्या माणसासारखा दिसला पाहिजे. हे मला चांगलं जमायचं. पण उद्या माणूसच दुसरा येऊन खुर्चीत बसेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

पहिले मामा म्हणजे दामूभाऊ. संग्रामपूरकडचे शेतकरी, गावच्या नाटकांत मुरलेले. धिप्पाड अंग, घरची झुपकेदार मिशी आणि असा आवाज की त्यांनी अंगणात संवाद म्हटला तर रस्त्यावरची गाय वळून बघायची. संवाद पाठ करणं त्यांना मान्य नव्हतं. प्रदीपभाऊंनी लिहिलेलं एकदा ऐकायचे, "हाव, समजलं" म्हणायचे (हाव म्हणजे आमच्याकडचं हो) आणि कॅमेरा सुरू झाला की भलतंच काहीतरी बोलायचे. ते लिहिलेल्यापेक्षा चांगलं असायचं, त्यामुळे प्रदीपभाऊ रागावू शकत नसत. समोर मामी म्हणून शोभाताई. त्या अंगणवाडीत काम करायच्या. दामूभाऊ काय बोलतील याचा पत्ता नसल्यामुळे त्याही तिथल्या तिथे जोडून द्यायच्या. दोघांचं भांडण रंगलं की कॅमेरा धरणारा तोंडात रुमाल कोंबून उभा राहायचा.

असं बरीच वर्षं चाललं. मग एका सकाळी दामूभाऊंच्या हातातून चहाचा कप पडला. तो उचलायला ते वाकले आणि तिथेच कलंडले. अकोल्याच्या दवाखान्यात जीव वाचला, हळूहळू काठी घेऊन चालूही लागले. पण उजवा गाल उतरला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, वाचा येईल, सावकाश येईल, किती येईल ते सांगता येत नाही.

आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो. प्रदीपभाऊंनी मनाशी मालिका बंद करायचं ठरवलेलंच होतं. ते बोलूनही दाखवलं. तेव्हा दामूभाऊंच्या बायकोने, कमलवहिनींनी, आम्हाला बाहेर अंगणात नेलं.

"तुमी बंद नका करू, भाऊ," त्या म्हणाल्या. "बंद केली तं यायले वाटन का आपल्यापायी बंद पडली. आंधीच मानूस आतल्या आत कुढून राह्यला. त्याच्यावर आनखी हे ओझं नका ठिवू."

म्हणून दुसरा मामा शोधला.

नितीन मलकापूरचा. ऑर्केस्ट्रात मिमिक्री करायचा. दामूभाऊंचा आवाज त्याने असा काही उचलला होता की डोळे मिटले तर अंगावर काटा यायचा. वय तिशीतलं, म्हणून मला त्याला म्हातारा करावा लागला. कपाळावर रेषा, कानशिलावर पांढरं, पोटाला उशी. मिशी मी स्वतः विणली. बारीक जाळीवर एकेक केस ओवून, दामूभाऊंच्या जुन्या फोटोंत बघून, त्यांच्या मिशीचा डावा कोपरा किंचित वर जायचा तोसुद्धा तसाच ठेवून. पहिल्या दिवशी नितीन खुर्चीतून उठून ओसरीत गेला तेव्हा सगळे उठून उभे राहिले. मग टाळ्या वाजल्या. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. दोन माणसांचा एक माणूस केला होता मी.

शोभाताई मात्र हसल्या नाहीत. शूटिंग संपल्यावर तोंड पुसत म्हणाल्या, "सुनंदाताई, मी काई बोलली तरी हा तेच बोलते जे दामूभाऊ बोलले असते. मंग मी भांडू कोनाशी?"

लोकांना हे शोभाताईंसारखं शब्दांत सांगता आलं नाही, पण कळलं. पहिले काही भाग गंमत म्हणून पाहिले. मग 'नकली मामा' हे नाव पडलं. नितीन जितकं हुबेहूब करायचा तितके लोक चिडायचे. त्याने थोडं चुकवलं असतं तर कदाचित चाललं असतं. जळगाव जामोदच्या बसस्टँडवर त्याला घेरून टवाळ पोरं म्हणाली, "दामूभाऊची नक्कल करून दाखव न बे!" तो दाखवून आला. खुर्चीत बसला, मी स्पिरिटने मिशी सोडवत होते, तेव्हा आरशात बघत म्हणाला, "ताई, हे मिशी काढली का माहं काय उरते?"

मी म्हटलं, "तू उरतोस की रे."

"मले तं कोनी बोलावलंच नाई ना इथं."

दिवाळीनंतर तो आला नाही. आम्ही कोणीही त्याला कधी विचारलं नव्हतं की तू तुझ्या मनाने मामा कसा करशील. त्याच्याकडे सगळ्यांनी दामूभाऊच मागितले. या गोष्टीची हळहळ अजून वाटते. पण नितीनचं वाईट झालं नाही, हेही सांगते. आता तो स्वतःच्या आवाजात छोटे व्हिडिओ करतो. लग्नात रुसून बसलेल्या जावयाचं त्याचं पात्र विदर्भभर चालतं. अधूनमधून फोन करतो, "ताई, मिशी न लावता करून राह्यलो," म्हणून सांगतो.

प्रदीपभाऊ पुन्हा बंद करायच्या गोष्टी बोलू लागले. तेव्हा शोभाताईंनीच गवई सरांचं नाव काढलं. गवई सर आमच्याकडच्या हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. भीमजयंतीला त्यांची नाटकं व्हायची. लिहायचे तेच, बसवायचे तेच, आणि एखादा नट ऐन वेळी आला नाही तर करायचेही तेच. पण दामूभाऊंच्या जागी त्यांना कल्पणं अवघड होतं. शिडशिडीत अंग, दाढीमिशी साफ आणि बोलणं इतकं हळू की मागच्या बाकावरचा पोरगा गप्प बसल्याशिवाय ऐकू येऊ नये. वर्ग शांत ठेवायची ती त्यांची युक्तीच होती म्हणतात.

आल्या आल्या ते प्रदीपभाऊंकडे न जाता शोभाताईंकडे गेले. "मले एक सांगा बाई, तुमाले नवरा कसा पाह्यजे?"

शोभाताई म्हणाल्या, "आयकनारा पाह्यजे सर. बोलनारा करून पाह्यला, तो लय चांगला होता. तसा आता भेटत नाई."

"जमन," सर म्हणाले.

नितीनची मिशी मी सरांना लावून पाहिली. त्यांचा वरचा ओठ आखूड, त्यावर ती झुपकेदार मिशी शेजाऱ्याकडून मागून आणल्यासारखी दिसत होती. सरांनी आरशात पाहिलं, मान इकडे तिकडे फिरवली आणि म्हणाले, "ताई, मी तोंड उघडायच्या आंधीच हे मिशी बोलून राह्यली. काढा."

प्रदीपभाऊ घाबरले. मिशीशिवाय मामा? लोक चपला मारतील. पण त्या दिवशी दुपारी ओसरीत बसून प्रदीपभाऊ, सर, शोभाताई आणि मी अशा चौघांनी जो प्रसंग रचला तो आमच्या मालिकेतला सर्वांत गाजलेला प्रसंग ठरला. मामा मामीशी पैज हरतो आणि त्याला मिशी काढावी लागते. मामा न्हाणीघरात जातो. बाहेर मामी, शेजारीपाजारी, सगळे उभे. मामा तोंडावर टॉवेल धरून बाहेर येतो, टॉवेल हळूच खाली करतो आणि तिथे गवई सर. मामी त्यांच्याकडे वरून खाली, खालून वर बघते आणि म्हणते, "अवो माय! मिशी काढली तं मानूसच बदलला!"

आपण माणूस बदलला आहे हे लपवायचं नाही, मोकळेपणी सांगून टाकायचं, हे आम्हाला तेव्हा कळलं. लोक पोट धरून हसले. म्हणून लगेच सरांना स्वीकारलं असं मात्र नाही. पार्लरमध्ये भुवया कोरून घ्यायला आलेल्या बायका खुर्चीत मान मागे टाकून मला जाब विचारायच्या, "काऊन बदलवले वो तुमी मामा? हे तं गुरुजी वाटतात." शेगावला दर्शनाला गेले तर तिथेही एका दुकानदाराने हेच ऐकवलं. आणि संग्रामपूरच्या बाजारात एक म्हातारी भेटली, तिचं म्हणणं सगळ्यांहून वेगळं होतं. तिच्या लेखी मामा बदललाच नव्हता.

"आजारपनात वाळला बिचारा," ती मला म्हणाली. "आवाजई खोल गेला. त्याले दूध-तूप देत जा बापा."

मी सरांना हे सांगितलं. वाटलं होतं हसतील. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "सगळ्यात बरोबर तिलेच समजलं."

हळूहळू रंग बदलला. दामूभाऊंचा मामा घराला हुकूम सोडायचा आणि घर ऐकायचं नाही, त्याचं हसू यायचं. सरांचा मामा हुकूम सोडायचाच नाही. तो शिट्टी तोंडाशी न्यायचा, सगळे झोपलेत हे बघायचा, शिट्टी खिशात ठेवायचा आणि स्वतःच चहा टाकायला जायचा. मग मामी चहात साखर जास्त झाली म्हणून बोलायची आणि तो ऐकून घ्यायचा. लोक हसायचे, पण ते हसू निराळं होतं. खाली लिहू लागले की आमचे बाबा निवृत्त झाल्यावर असेच झालेत.

इकडे दामूभाऊंच्या घरी मालिका लागली की ते काठी घेऊन उठायचे आणि बाहेर जाऊन बसायचे. कमलवहिनींनी फोनवर हे मला सांगितलं, मी शोभाताईंना सांगितलं, आणि सरांच्या कानावर गेलं. सर म्हणाले, मी भेटायला जातो. प्रदीपभाऊंनी त्यांना परोपरीने अडवलं, जखमेवर मीठ कशाला चोळता म्हणाले. सर ऐकणाऱ्याचं काम करत असले तरी स्वतः तितकेसे ऐकणारे नव्हते. रविवारी आम्ही तिघं, सर, शोभाताई आणि मी, बसने गेलो.

दामूभाऊ बाजेवर बसले होते. सरांना पाहून त्यांनी मान फिरवली. सर त्यांच्या शेजारी बसले, नमस्कार केला आणि खिशातून मोबाईल काढून नवा भाग लावला.

"मी चुकून राह्यलो कुठं तरी," सर म्हणाले. "आमच्यातल्या कोनाले समजत नाई. तुमी पाहा."

दामूभाऊ आधी भिंतीकडे बघत राहिले. मग शोभाताईंचा चढलेला आवाज मोबाईलमधून आला तशी त्यांची नजर वळली. मामा मामीसमोर चहाचा कप ठेवतो आणि म्हणतो, साखर पाहून घे, असा तो प्रसंग होता. दामूभाऊंनी डाव्या हाताने सरांचा दंड धरला. बोटाने मोबाईल दाखवला आणि नाही म्हणून मान हलवली. सरांनी प्रसंग मागे नेला. कप ठेवून झाल्यावर दामूभाऊंनी हाताचा पंजा उघडून दाखवला, थांब. थांब, थांब. मग शोभाताईंच्या तोंडाकडे बोट केलं आणि मग ओठ हलवून दाखवले, आता बोल.

"कप ठेवल्यावर मी घाई केली," सर हळूच म्हणाले. "तिनं पाह्यल्यावर बोलाले पाह्यजे होतं."

दामूभाऊंच्या तोंडून तेव्हा एक शब्द आला. तेवढा एकच त्यांना नीट यायचा, असं वहिनी म्हणाल्या. "हाव."

पुढच्याच आठवड्यात कमलवहिनींचा फोन आला. "सकाळधरनं पांढरा सदरा घालून दारात उभे हायेत. मी घेऊन येऊन राह्यली."

ते आले, काठी टेकत अंगणातून ओसरीत आले. प्रदीपभाऊंनी बसायला खुर्ची पुढे केली. दामूभाऊ तिच्याकडे न बघता सरळ माझ्या खुर्चीकडे गेले, बसले, पाठ ताठ केली आणि डोळे मिटले. रंगभूषेला बसताना ते नेहमी बसायचे तसे.

प्रदीपभाऊ माझ्याकडे बघत होते. दामूभाऊंसाठी कोणतंही काम लिहिलेलं नव्हतं. तरी मी कामाला लागले. पाण्याने त्यांचा चेहरा पुसला, रंग घेतला. उतरलेला गाल सावलीच्या रंगाने उचलता येतो, दोन्ही बाजू जवळपास सारख्या दाखवता येतात. मी ब्रश त्या गालाला लावला तशी त्यांनी डोळे उघडले, माझं मनगट धरलं आणि मान हलवली. आहे तसा राहू दे. मी ब्रश खाली ठेवला.

तोवर मागे सर बोलले होते. "मामाचे मोठे भाऊ गावाकडून आले. चला, कॅमेरा लावा."

शोभाताईंना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी चटकन डोक्यावर पदर घेतला. जन्मभर मामावर तोंड टाकणारी मामी थोरल्या दिरापुढे मान खाली घालून उभी राहिली, तिथेच पहिलं हसू फुटलं. मामाने मोठ्या भावाकडे बायकोची तक्रार सुरू केली, इतक्या वर्षांची सगळी. शेवटी म्हणाला, "दादा, सांग बरं, माहं बरोबर हाये का नाई?"

"हाव," दामूभाऊ म्हणाले.

मग पदराआडून मामी बोलू लागली. तिची तक्रार दुप्पट लांब. "दादा, आता तुमीच सांगा, माहं चुकते का? माहं बरोबर नाई का?"

"हाव."

"आरे पन दोघायचं कसं बरोबर असन?" मामा म्हणाला. "दादा, एक सांग. बरोबर कोन?"

आता दामूभाऊंनी घाई केली नाही. बशीतलं बिस्किट उचललं. चहात बुडवलं. सावकाश खाल्लं. एकदा मामाकडे पाहिलं, एकदा मामीकडे पाहिलं.

"हाव."

कॅमेरा हलला. धरणाराच हसत होता. प्रदीपभाऊ 'कट' म्हणायचं विसरले, त्यामुळे पुढचं सगळं चित्रित झालं आहे: सर मान मागे टाकून हसताहेत, शोभाताईंचा पदर खांद्यावर आलेला आणि दामूभाऊ दोघांकडे बघताहेत, डोळे भरलेले आणि अर्ध्या तोंडाने हसू. तो तुकडा आम्ही तसाच ठेवला. तो पाहून लोकांनी जे लिहिलं ते वहिनींनी त्यांना सगळं वाचून दाखवलं.

तेव्हापासून मोठे भाऊ मामाच्या घरी राहायलाच आले. वाचेचे व्यायाम ते पूर्वीही करत, पण कंटाळत. आता वहिनी सांगायच्या की सकाळी उठून स्वतःच आरशासमोर बसतात. प्रदीपभाऊ नवा भाग लिहिण्याआधी वहिनींना फोन करून विचारायचे, नवीन शब्द कोणता आला? 'पानी' आला तर पाण्यावर प्रसंग. 'बस' आला तेव्हा तर पर्वणीच झाली, कंडक्टरच्या घरात त्या एका शब्दाचे किती अर्थ निघाले! ज्या दिवशी 'नाई' आला त्या दिवशी मामा-मामीच्या भांडणाला पहिल्यांदा न्यायाधीश मिळाला.

आता बाजारातल्या त्या प्रश्नाचं उत्तर. चांगला मामा कोणता, ते मी एकदा शोभाताईंनाच विचारलं होतं. तिन्ही नवऱ्यांसोबत नांदलेली ती एकटीच. त्या म्हणाल्या, "पह्यल्यासंग भांडन जमे. तिसऱ्यासंग गोष्ट जमते. आन् दुसऱ्याले आपन कोनी बोलूच देल्लं नाई, मंग त्याचं काय सांगू?" मी यात काही बदल करणार नाही. एवढंच म्हणेन की बदललेल्या माणसाकडे बघताना आपण त्याच्या चेहऱ्यात आधीचा चेहरा शोधत बसतो. तो शोध थांबला की नव्याचं काम दिसायला लागतं. मला रंग लावता लावता हे कळायला तीन माणसं लागली.

माझ्या शेवटच्या दिवसांतली एक सकाळ सांगते आणि थांबते. मामाच्या भाचीच्या लग्नाचा भाग होता. सगळेच नटलेले, उन्हाने घामाघूम झालेले. मी दामूभाऊंना तयार करत होते. हात भराभर चालला होता, कारण मागे सगळे खोळंबले होते. दामूभाऊ डोळे मिटून बसलेले. एकाएकी त्यांनी एक डोळा उघडला, आरशात स्वतःला पाहिलं आणि तोंड उघडलं. शब्द एकेक करून, मध्ये थांबत, पण सगळे आले.

"सुनंदा... पावडर... कमी लावजो."

दारात उभ्या असलेल्या वहिनींनी तोंडावर हात घेतला. सर ओसरीतून धावत आले. प्रदीपभाऊ म्हणाले, "दामूभाऊ, आनखी एकदा म्हना!" दामूभाऊंनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. एकदा बोललेलं पुन्हा तसंच म्हणायची त्यांना कधी सवयच नव्हती.

मी फडकं घेतलं आणि पावडर पुसली.